समोरच्याच्या पेटीतले कागद : दिवाणी दाव्यातील प्रकटन व निरीक्षण

"समोरच्या पक्षाकडे असलेला कागद आपणांस साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी पाहावयास मिळतो काय?" असा प्रश्न संस्थेच्या रविवारच्या अभ्यासवर्गात एका विद्यार्थिनीने विचारला. वर्गातील बहुतेकांचे उत्तर "नाही" असे पडले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "तो कशाला दाखवील? आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?" त्यांचा अनुभव खोटा नव्हता. परंतु कायद्याचे उत्तर "होय, मिळतो" असे आहे, आणि ते १९०८ सालापासून पुस्तकात छापलेले आहे. त्या उत्तरासाठीच हा लेख.

आम्ही वकील नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकुनी पत्करली. तथापि काउंटरच्या मागे इतकी वर्षे काढल्यावर न्यायालयांचे हुकूम, समन्स, जप्तीच्या नोटिसा हाताखालून जात राहतात. कोणता कागद कोणी, केव्हा मागितला, आणि उशिरा मागितला म्हणजे काय होते, हे आम्ही जवळून पाहिले आहे. तेवढ्याच अधिकाराने लिहीत आहोत. प्रत्यक्ष दाव्यात वकिलांचाच सल्ला घ्यावा.

सामान्य माणसाच्या मनातील कोर्ट हे सिनेमातले कोर्ट असते. शेवटच्या क्षणी कोणीतरी कागद फडकावत आत येतो आणि निकाल फिरतो. दिवाणी कायद्यास हा प्रकार मान्य नाही. दोन्ही बाजूंनी आपापले पत्ते आधी मांडावेत, वाद खरोखर कोणत्या मुद्द्यावर आहे ते ठरावे, आणि मगच साक्षीदार पिंजऱ्यात यावा, अशी त्याची रचना आहे. दावा दाखल होतो, समन्स निघते, प्रतिवादी कैफियत देतो, मुद्दे निघतात, पुरावा होतो, युक्तिवाद होतो, निकाल लागतो. या क्रमात कैफियत आणि पुरावा यांच्यामध्ये जी जागा आहे, ती बहुतेक पक्षकारांच्या लेखी नुसत्या तारखांची जागा असते. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश ११ नेमका त्या जागेसाठी आहे. इंग्रजीत यास 'डिस्कव्हरी' म्हणतात. मराठीत 'प्रकटन' हा शब्द त्यातल्या त्यात जवळचा. त्याची अंगे तीन. समोरच्यास लेखी प्रश्न विचारून शपथेवर उत्तरे घेणे, त्याच्याजवळच्या कागदांची शपथेवर यादी घेणे, आणि ते कागद पाहून नकला घेणे.

नुसती कलमे वाचून हे डोक्यात शिरत नाही, असा वर्गाचा अनुभव आहे. म्हणून आम्ही विद्यार्थ्यांपुढे एक असा दावा ठेवला की ज्याची हकीकत आपल्या घराघरांत माहीत आहे, पण तो दिवाणी दावा होता हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. तो म्हणजे महाडच्या चवदार तळ्याचा दावा.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी घेतले, हे लहान मुलेही सांगतील. त्यामागे एक कागद होता. मुंबई कायदेमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला होता, आणि त्यास अनुसरून महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे खुले केल्याचा ठराव केला होता. हाच ठराव नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. डिसेंबरातील दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर महाडच्या काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी न्यायालयात १९२७ चा दावा क्रमांक ४०५ दाखल केला आणि १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम मिळविला. त्यांचे म्हणणे दुहेरी होते : तळे आमच्या मालकीचे आहे, आणि अस्पृश्यांनी तेथे पाणी न भरण्याची चाल अनादी काळापासून चालत आली आहे. न्यायालयाचा मान राखून बाबासाहेबांनी त्या वेळी तळ्यावर जाणे स्थगित केले. पुढे २३ फेब्रुवारी १९२८ रोजी मनाई उठली. ८ जून १९३१ रोजी दावा बाबासाहेबांच्या बाजूने निकाली निघाला, ठाण्याच्या जिल्हा न्यायालयातील अपील ३० जानेवारी १९३३ रोजी फेटाळले गेले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी वादींचे दुसरे अपीलही फेटाळले. दाव्यापासून तेथवर सव्वानऊ वर्षे लागली.

आता हा दावा कशावर निकाली निघाला ते पाहा. मालकीचे म्हणणे टिकले नाही. राहिली चाल. रूढीस कायद्याचे बळ मिळावयाचे तर ती अनादी काळापासूनची असली पाहिजे आणि ते सिद्ध करण्याचा बोजा ती सांगणाऱ्यावर असतो. वादींना ते जमले नाही. म्हणजे माणुसकीचा एवढा मोठा प्रश्न, पण न्यायालयात तो शेवटी "मालकीस आधार काय? चाल केव्हापासूनची? पुरावा दाखवा" अशा रुक्ष भाषेत उभा राहिला. आम्हांस यात कमीपणा वाटत नाही. उलट, गावातले ज्यांचे वजन मोठे त्यांचे नुसते तोंडचे सांगणे प्रमाण मानावयाचे नाही, त्यासही पुरावा मागावयाचा, ही गोष्ट आपल्या पूर्वजांना अन्यत्र कोठे मिळाली होती?

आदेश ११ त्या काळीही संहितेत होता. तेव्हा आम्ही विद्यार्थ्यांस सांगितले, "तुम्ही प्रतिवादींचे वकील आहात असे समजा आणि वादींना द्यावयाची प्रश्नावली लिहा." हा केवळ वर्गातील सराव, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

एका मुलाने मोठ्या आवेशाने पहिलाच प्रश्न लिहिला : "जनावरांना पाणी पिऊ देता आणि माणसांना देत नाही, याची तुम्हांस लाज वाटत नाही काय?" वर्गाने टाळ्या वाजविल्या. आम्ही त्यास सांगितले, बाळ, हा प्रश्न सभेत विचार, तेथे तो पाहिजेच. प्रश्नावलीत मात्र तो पहिल्या झटक्यात खोडला जाईल. नियम ६ व ७ अन्वये बदनामीकारक, असंबद्ध, त्रास देण्याच्या हेतूने विचारलेल्या प्रश्नांवर हरकत घेता येते आणि न्यायालय ते काढून टाकू शकते. शिवाय या प्रश्नाच्या उत्तराने दाव्यातील एकही मुद्दा पुढे सरकत नाही. मुलगा हिरमुसला, पण त्यास ते पटले.

ज्या विद्यार्थिनीने आरंभीचा प्रश्न विचारला होता तिने लिहिले : "तळ्याच्या दुरुस्तीचा अगर गाळ काढण्याचा खर्च तुम्ही अगर तुमच्या पूर्वजांनी कधी केला आहे काय? केला असल्यास कोणत्या वर्षी, किती, व त्याची नोंद कोणत्या वहीत आहे?" याला म्हणतात प्रश्न! "केला" म्हटले तर वही दाखवावी लागते. "नाही" म्हटले तर मालकीचा डोलारा डळमळतो. आणि "आठवत नाही" असे शपथेवर लिहून दिले तर पुढे साक्षीच्या वेळी एकाएकी आठवणे अवघड जाते. तिचा दुसरा प्रश्न होता : "मुसलमान रहिवासी तळ्याचे पाणी भरतात काय? भरत असल्यास कोणाच्या परवानगीने?" चवदार तळे मुसलमानांस खुले होते, हे बाबासाहेबांनी लिहून ठेवलेलेच आहे. वादींनी "भरतात" असे कबूल करताच तळे आमचे खाजगी, या म्हणण्यात केवढे भोक पडते ते वर्गाच्या आपोआप लक्षात आले.

प्रश्नावलीचे नियम थोडक्यात असे. न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. अर्जावर सात दिवसांत निर्णय द्यावा असे दुरुस्त संहितेत म्हटले आहे. एका पक्षास एकच प्रश्नावली, दुसरी द्यावयाची तर वेगळा हुकूम हवा. उत्तरे प्रतिज्ञापत्रावर, दहा दिवसांत अगर न्यायालय देईल त्या मुदतीत. उत्तर अर्धवट असेल तर अधिक उत्तराचा हुकूम मागता येतो. समोर कंपनी अगर संस्था असेल तर तिच्या अधिकाऱ्यास उत्तर द्यावयास लावता येते. आणि एक मेख अशी की, जो प्रश्न उलटतपासणीत तोंडी विचारता आला असता तो प्रश्नावलीत चालेलच असे नाही. येथे त्याचा दाव्यातील वादविषयाशी थेट संबंध हवा.

आता कागदांकडे वळू. आमच्या मते आदेश ११ मधील सर्वांत धारदार हत्यार प्रश्नावली नसून नियम १२ व १३ खालील दस्तऐवजांचे प्रतिज्ञापत्र हे आहे. याचा नमुना संहितेच्या परिशिष्ट 'क' मध्ये क्रमांक ५ वर दिला आहे. फार जुना, फार कंटाळवाणा दिसणारा नमुना. पण ज्याने तो तयार केला त्यास माणसाच्या स्वभावाची पुरती ओळख होती, असे आम्हांस प्रत्येक वेळी वाटते.

या नमुन्यात दोन परिशिष्टे असतात. पहिल्याचे दोन भाग : माझ्याजवळ आहेत आणि दाखविण्यास हरकत नाही असे कागद, व माझ्याजवळ आहेत परंतु दाखविण्यास हरकत आहे असे कागद. हरकतीचे कारण लिहावे लागते. दुसऱ्या परिशिष्टात पूर्वी माझ्याजवळ होते पण आता नाहीत असे कागद येतात. ते शेवटी केव्हा माझ्याजवळ होते, त्यांचे पुढे काय झाले, आणि आता ते कोणाजवळ आहेत, हे सांगावे लागते. शेवटी, याखेरीज या प्रकरणाशी संबंधित असा एकही हिशेब, वही, व्हाउचर, पावती, पत्र, चिठ्ठी माझ्याजवळ नाही आणि कधी नव्हती, असे शपथेवर लिहून द्यावयाचे.

"हरवले", "सापडत नाही", "कोणी नेले ठाऊक नाही" ही आपल्याकडची तीन ठरलेली उत्तरे. या नमुन्यापुढे ती तिन्ही अडचणीत येतात. हरवले तर केव्हा? नेले तर कोणी? कागद 'जवळ' असणे म्हणजे खिशात असणे एवढेच नव्हे. जो मागून आणण्याचा आपणांस अधिकार आहे तोही आपल्याच सत्तेतला समजला जातो. मेहुण्याच्या कपाटात ठेवून सुटका होत नाही. मोबाईलमधील संदेश व संगणकातील नोंदीही आज दस्तऐवजच होत.

असे प्रतिज्ञापत्र मागण्यासाठी अर्जदारास स्वतः प्रतिज्ञापत्र करावे लागत नाही. साधा अर्ज पुरतो. अमुक कागद आहे हे आधी ठाऊक असण्याचीही गरज नाही. सर्वोच्च न्यायालयाने एम. एल. सेठी विरुद्ध आर. पी. कपूर या १९७२ च्या निकालात असे स्पष्ट केले की, मागितलेला कागद पुरावा म्हणून दाखल होण्याजोगा असलाच पाहिजे असे नाही. वादविषयावर त्याने प्रकाश पडत असला तरी पुरे. अर्थात अनावश्यक वाटल्यास न्यायालय अर्ज नाकारू शकते. नुसते "बघू काय सापडते" म्हणून सगळे कपाट उघडावयास लावणे चालत नाही. इंग्रजी निकालपत्रांत यास 'फिशिंग' म्हणतात, गळ टाकून बसावयाचे आणि लागेल तो मासा घ्यावयाचा. तसेच वकील व पक्षकार यांच्यातील सल्ल्याची पत्रे मागता येत नाहीत.

तिसरे अंग निरीक्षणाचे, आणि ते सर्वांत सोपे. समोरच्याने आपल्या दाव्यात, कैफियतीत अगर प्रतिज्ञापत्रात एखाद्या कागदाचा नुसता उल्लेख केला असला, तरी नियम १५ खाली त्यास नोटीस देऊन तो कागद पाहता येतो व नक्कल घेता येते. न्यायालयाचा आधी हुकूम लागत नाही. नोटीस मिळाल्यापासून दहा दिवसांत त्याने कळवावयाचे की पुढील तीन दिवसांत अमुक वेळी, आपल्या वकिलाच्या कचेरीत येऊन पाहा. दाखविले नाही तर सबळ कारण पटवून दिल्याखेरीज तो कागद पुढे त्याला स्वतःच्या बाजूने पुराव्यात वापरता येत नाही. येथे आमच्या व्यवसायापुरता एक अपवाद केलेला आहे. बँकेच्या वह्या अगर रोजच्या व्यापाराच्या वह्या वकिलाच्या कचेरीत न्यावयाच्या नाहीत. त्या जेथे नेहमी राहतात तेथेच येऊन पाहावयाच्या.

बँकेचा विषय निघालाच आहे तर एक हकीकत सांगतो. नावे, गाव, शाखा काहीच सांगत नाही.

एक मावशी आमच्या शाखेत येत. धुण्याभांड्याची व स्वयंपाकाची कामे करीत. यजमान गेलेले. यजमानांनी १९९६ ते १९९९ या काळात हप्त्याहप्त्याने पैसे भरून दिराच्या नावे एक लहान प्लॉट घेतलेला, कारण दीर नोकरीत होता आणि कागदपत्रे करावयास तोच जात असे. भावाभावांत कागद कसला, असा तो काळ. २००७ साली दिराने प्लॉट आपल्याच पैशाचा म्हणून ताब्याचा दावा लावला. बारा हप्त्यांपैकी तीनच पावत्या त्याने दाखल केल्या. मावशींचे म्हणणे होते, प्रत्येक हप्त्याच्या आदल्या दिवशी यजमान बँकेतून पैसे काढीत. म्हणजे खात्याचा उतारा हाच त्यांचा साक्षीदार. (अशा व्यवहारात 'बेनामी'चा कायदाही आडवा येतो, तो विषय येथे लांबवीत नाही.)

बँक त्या दाव्यात पक्षकार नव्हती, त्यामुळे बँकेस आदेश ११ लागत नाही. तेथे १८९१ चा बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट उपयोगी पडतो. पक्षकाराच्या अर्जावरून न्यायालय बँकेच्या वहीतील नोंदी पाहण्याची व नकला घेण्याची मुभा देते. हुकूम अंमलात येण्यापूर्वी, सुट्ट्या वगळून, पुरते तीन दिवस आधी तो बँकेस बजावावा लागतो. प्रमाणित नक्कल मूळ वहीच्या तोडीची धरली जाते. असा हुकूम आमच्या शाखेत २०१२ साली आला. मावशी स्वतः सोबत आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊ, सापडतंय का बघा बरं. त्यांच्या हातची सही असंल त्याच्यावर."

आम्ही रेकॉर्ड रूममध्ये गेलो नाही. जाण्याची गरज नव्हती. बँकांनी जुने रेकॉर्ड किती काळ जपावे याचे १९८५ चे नियम आहेत. काही कागद पाच वर्षे, काही आठ वर्षे. १९९६ ते १९९९ ची लेजरे व व्हाउचरे २००९ साली नियमाप्रमाणे नष्ट केली गेली होती. नष्ट केलेल्या रेकॉर्डच्या नोंदवहीत पोत्यांची संख्या होती आणि त्याखाली ज्या दोघांच्या सह्या होत्या त्यांतली एक आमची. काही चुकीचे केले नव्हते. तरी मावशींना ती वही उघडून दाखविताना हात जड झाला. दावा २००७ चा. पहिल्या वर्षातच हुकूम आला असता तर तीच पोती आम्ही खाली उतरवून दिली असती.

यापेक्षाही जिवाला लागणारी गोष्ट वेगळी. पावत्या एकूण बारा, दाखल तीन. उरलेल्या नऊ कोठे? त्यांवर 'हस्ते' म्हणून कोणाचे नाव आहे? पाच वर्षांत दिरास हे शपथेवर कोणी विचारलेच नव्हते. नियम १२ खालचा एक पानाचा अर्ज, आणि त्यास त्या नऊ पावत्यांची जागा क्रमांक ५ च्या नमुन्यात कोठेतरी दाखवावी लागली असती : आहेत, आहेत पण दाखवीत नाही, अगर होत्या व आता अमक्याकडे आहेत. मावशींच्या वकिलांना आम्ही दोष देत नाही. दिवसाला तीस-तीस तारखा सांभाळणारा माणूस तो. शेवटी तडजोड झाली. मावशींना काही रक्कम मिळाली, प्लॉट गेला. त्या पायरीवरून उतरताना त्या एवढेच म्हणाल्या, "तारीख मात्र एकबी चुकविली नाही मी."

शपथेवर यादी दिली नाही तर काय, हा पुढचा स्वाभाविक प्रश्न. नियम २१ त्यासाठी आहे. प्रश्नावलीची उत्तरे, प्रकटन अगर निरीक्षण यांचा हुकूम वादीने पाळला नाही तर त्याचा दावा काढून टाकता येतो, आणि मग त्याच कारणावरून त्यास नवा दावा आणता येत नाही. प्रतिवादीने पाळला नाही तर त्याचा बचाव खोडता येतो. शिक्षा कडक असल्याने न्यायालये ती सहजासहजी देत नाहीत, मुद्दाम टाळाटाळ दिसली तरच देतात. आणि अशा हुकमाविरुद्ध अपीलही आहे. याखेरीज, जवळ असलेला कागद जो लपवितो त्याच्याविरुद्ध तो कागद जाणारा होता असे अनुमान न्यायालय काढू शकते. जुन्या पुरावा कायद्यातील कलम ११४ चे हे तत्त्व १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही कायम आहे.

कागद लपविणाऱ्याची कशी गत होते याचे उत्तम उदाहरण एस. पी. चेंगलवराय नायडू विरुद्ध जगन्नाथ या दाव्याचे. निकाल २७ ऑक्टोबर १९९३ चा, सर्वोच्च न्यायालयाचा. यातला जगन्नाथ हा आमच्यासारखाच एक कारकून, एका सावकाराकडचा. मालकाच्या वतीने त्याने लिलावात मिळकत घेतली आणि पुढे मालकाच्या लाभात सोडपत्र लिहून दिले. नंतर ते सोडपत्र न्यायालयास न सांगता त्याच मिळकतीच्या वाटपाचा दावा लावून हुकूमनामा मिळविला. उच्च न्यायालयाने असे म्हटले होते की, सगळे खरे सांगण्याचे बंधन वादीवर नाही, प्रतिवादीने शोधून काढावे. सर्वोच्च न्यायालयाने हे साफ नाकारले. वादाशी संबंधित असा स्वतः लिहून दिलेला कागद दडवून लाभ मिळविणे ही न्यायालयाचीच फसवणूक होय, आणि असा हुकूमनामा मुळातच शून्य, असा निर्वाळा दिला. वर्गात हा निकाल आम्ही दोनदा वाचावयास लावतो.

अमेरिकेत हा प्रकार आपल्यापेक्षा कितीतरी पुढे गेला आहे. तेथील १९३८ च्या केंद्रीय दिवाणी नियमांनी वकिलाच्या कचेरीत, न्यायाधीश समोर नसताना, साक्षीदारांची शपथेवर आगाऊ जबानी घेण्याची वाट मोकळी केली. १९४३ साली डेलावेअर नदीत एक टगबोट बुडून पाच खलाशी दगावले. त्यातील हिकमन विरुद्ध टेलर या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९४७ मध्ये सांगितले की, सर्व काही मागा, परंतु समोरच्या वकिलाने स्वतःच्या तयारीसाठी केलेली टिपणे विनाकारण मागू नका. तेथे याचा खर्च इतका वाढला की पुष्कळ दावे त्या भीतीनेच मिटतात, अशी टीका होते. आपल्याकडे दुखणे उलटे आहे : खर्च थोडा, पण वापरच नाही. मोठ्या व्यापारी दाव्यांसाठी मात्र २०१५ च्या कमर्शियल कोर्ट्स ॲक्टने नवा आदेश ११ आणला. त्यात आपल्याला अनुकूल असोत वा प्रतिकूल, सर्व संबंधित कागद दाव्यासोबत व कैफियतीसोबतच मांडावे लागतात. ही मर्यादा आरंभी एक कोटी रुपयांची होती, २०१८ मध्ये तीन लाखांवर आली. साध्या जमीनजुमल्याच्या व घरगुती दाव्यांस हा नवा आदेश लागू नाही. व्यापाऱ्यास जे न मागता मिळते ते मावशींना अर्ज करून मागावे लागते, हे आम्हांस उफराटे वाटते. तथापि २००२ पासून अंमलात आलेल्या दुरुस्तीने साध्या दाव्यातही, ज्या कागदांवर आपण भिस्त ठेवतो ते दाव्यासोबत व कैफियतीसोबत दाखल करावे लागतात. जे आपल्या विरुद्ध जातात ते मात्र अर्जाशिवाय बाहेर येत नाहीत.

आपल्या लोकांचे बरेच दावे जमिनीचे, त्यांतही जुन्या वतनी जमिनीचे असतात. १९५८ च्या कनिष्ठ गावकामगार वतन निर्मूलन कायद्यानंतर जमीन परत कोणाच्या नावे झाली, कोणता फेरफार पडला, हे कागद समोरच्याजवळ नसून तहसिलात असतात. तेथे आदेश ११ ची वाट न पाहता प्रमाणित नकलेचा अर्ज करावा, आणि नक्कल मिळत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज टाकावा. त्यास उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे. पक्षकार नसलेल्या खाजगी माणसाकडील कागद न्यायालयामार्फत समन्स काढून मागवावा लागतो.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून कित्येक जण कैफियतच देत नाहीत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही. अनुसूचित जातींतून धर्मांतरित झालेल्या बौद्धांस १९९० च्या दुरुस्तीने हा दर्जा मिळालेला आहे. जिल्हा न्यायालयातच विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी असते. सावेडी नाक्यावरून रिक्षाने जाऊन येण्यास अर्धा दिवस पुरतो. जाताना दाव्याची नक्कल, समन्स आणि जातीचा दाखला सोबत न्यावा. नेमून दिलेल्या वकिलांना नम्रपणे विचारावे, "साहेब, समोरच्याकडून कागदांची शपथेवरची यादी मागवायची का?" मागवायची असेल तर मुद्दे निघण्याच्या सुमारास मागवावी. साक्षी सुरू झाल्यावर केलेल्या अर्जास "दिरंगाई" हे उत्तर तयारच असते.

पुढील वर्गासाठी विद्यार्थ्यांना असे काम दिले आहे, आणि सभासदांनीही ते करावे. एका वहीत स्वतःच्या घरातील कागदांची यादी क्रमांक ५ च्या नमुन्याप्रमाणे करून आणावी : खरेदीखत, पावत्या, सातबारा, घरपट्टी, पासबुके. जे कागद पूर्वी घरात होते व आता नाहीत त्यांच्यापुढे ते शेवटी केव्हा पाहिले आणि आता कोणाकडे आहेत हे लिहावे. आमच्या घरची यादी आम्ही केली तेव्हा तिसऱ्या रकान्यात सात कागद निघाले. त्यांपैकी चार कोठे गेले ते आमच्या वडिलांनाही सांगता आले नाही.